दांड्यांचा खेळ

काठावर टाकलेल्या दाराच्या फळीवर पालथे पडून केरबाआबांनी मान विहिरीच्या तोंडात घातली, दोराचे दोन वेढे मनगटाला घेतले आणि खाली ओरडले,

“निवृत्ती, आता जे सांगून राहिलो ते तुला खरं वाटणार न्हाई. कुणालाच वाटत न्हाई. पर ऐक.”

आवाज सात परस, म्हणजे चाळीसेक फूट, खाली गेला, तळाच्या दगडांवर आपटून वर आला. त्याच्या मागून, बऱ्याच वेळानं, दुसरा आवाज आला.

“हाव.”

आबांनी श्वास सोडला. त्यांच्या हनुवटीखालून चिमूटभर मुरूम सुटला आणि आत गेला. तो तळाशी पडल्याचं ऐकू आलं नाही. त्यांनी हनुवटी फळीवरून अलगद उचलून घेतली.

विहीर खचून एक तास होऊन गेला होता. रेणापूरच्या रस्त्याला लागून असलेली ही वाडीची सार्वजनिक विहीर. यंदा फेब्रुवारीतच तिचा तळ उघडा पडला. आता टँकरच्याच पाण्यावर जगायचंय, तर निदान गाळ तरी काढून ठेवू, म्हणून लोकांनी काम धरलं. गाळाची बादली वर ओढणारी संगप्पाची लोखंडी यारी काठावर उभी केली. आज सकाळी खाली तिघं होते. दोघं पाणी प्यायला वर आले. निवृत्ती म्हणाला, एवढी बादली भरून येतो. तेवढ्यात पश्चिमेचं दगडी बांधकाम खचलं. यारीचा एक पाय आत गेला, ती वाकडी होऊन विहिरीच्या तोंडावर लटकली. धूळ बसल्यावर कळलं, की निवृत्तीचा डावा पाय मांडीपर्यंत दगडांखाली आहे आणि डोक्यातून रक्त येतंय.

कंदील सोडून पाहिला. विझला नाही, म्हणजे हवा होती. रेवणसिद्धनं आपला मोबाईल पिशवीत घालून, चित्रीकरण चालू ठेवून खाली सोडला. वर ओढून पाहिलं तर पडद्यावर धूळ, धूळ, एक कान, पुन्हा धूळ. तेवढंच. दोराचं खालचं टोक निवृत्तीनं स्वतःच मनगटाला गुंडाळून घेतलं होतं. त्याला ओढण्यात अर्थ नव्हता. पण दोर हातात असला की माणसाला बरं वाटतं, खालच्याला आणि वरच्यालाही.

काठावर जड माणसाला जाऊ द्यायचं नव्हतं. वाडीत हलका माणूस कोण, तर केरबाआबा. एकाहत्तर वर्षांचे, एकोणचाळीस किलो. हा आकडा उपकेंद्रातल्या पंचशीला सिस्टरला पाठ होता. महिन्यापूर्वीच त्यांना काट्यावर उभं करून ती रागे भरली होती. आज तिनंच त्यांच्या कमरेला दुसरा एक दोर बांधला, त्याचं टोक रेवणसिद्ध आणि संगप्पाच्या हाती दिलं आणि म्हणाली,

“आबा, त्याच्या डोक्याला मार हाय. झोपू द्यायचं न्हाई त्याला. लातूरहून अग्निशमनची गाडी निघाली हाय. तोवर काहीबी बोला, पण त्याचा आवाज येत राहिला पाहिजे.”

आबा तिच्याकडे बघत राहिले. काहीबी बोला, असं त्यांना आजवर कुणी म्हणालं नव्हतं. लोक उलटंच म्हणत आले होते.

“तर लातूर नवा जिल्हा झाला त्या सालची गोष्ट,” आबांनी खाली सांगायला सुरुवात केली. “मी नवाकोरा शिपाई. हापिसात खुर्ची न्हाई, कपाट न्हाई, साहेब उभा. आन सामानाच्या पहिल्या ट्रकातून काय उतरावं? आपलं टेबल! हैद्राबादच्या कुण्या नवाबाच्या क्लबातून निघालेलं. साहेब म्हनला, केरबा, हे काय हाय? म्या म्हनलं, साहेब, सगळ्या जिल्ह्याची भरती व्हायची हाय अजून, पर ह्या टेबलावर बावीस जणांची नेमणूक आधीच झालेली दिसून राहिली.”

मागे दोर धरलेला संगप्पा नकळत फसकन हसला आणि लगेच खाली बघू लागला. बाजूला सरजाबाई बसली होती. निवृत्तीची बायको.

“ऐकून राहिलास का?” आबांनी विचारलं.

“हाव.”

हे ‘हाव’ पहिल्यापेक्षा लहान होतं.

टेबल मात्र खरं होतं. ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीच्या ओसरीवर ते अकरा वर्षं उभं होतं. आठ लोखंडी दांड्या, त्यांना ओवलेली बावीस लाकडी माणसं, दोन्ही टोकांना गोल. नाव टेबल फुटबॉल, पण वाडीत त्याला दांड्यांचा खेळच म्हणत. आबा नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा कचेरीतलं मोडकं सामान निकालात निघालं होतं. त्यातून त्यांनी हे उचलून आणलं. माणसांना रंग दिला, नावं दिली. गोलकीपर हा तहसीलदार, कारण तो जागचा हलत नाही. त्याच्या पुढचे दोघं तलाठी आणि ग्रामसेवक. निवृत्तीच्या बाजूच्या तलाठ्याला मुंडकं नव्हतं, आणि त्यानं काही अडत नाही असं आबा सगळ्यांना सांगत.

पुढे ओसरीमागच्या खोलीत रेवणसिद्धचं ऑनलाइन सेवा केंद्र आलं. चार संगणक. पीकविमा, उतारे, दाखले, पोरापोरींच्या परीक्षांचे अर्ज, सगळं तिथंच. टेबल आता जाणार असं वाटलं होतं, झालं भलतंच. सर्व्हर बंद पडला, कुणाचा अंगठा जुळेना, की माणसं ओसरीवर येत. आधी नुसती बघत उभी राहत. मग एखाद्याचा हात दांडीवर जाई. खेळायला दोन्ही हात लागतात, म्हणून मोबाईल खिशात जाई. सर्व्हर सुरू झाल्याचं रेवणसिद्ध आतून ओरडून सांगे आणि त्याला कुणी ओ देत नसे. टेबलाच्या जागी झेरॉक्सचं मशीन ठेवायचं त्याच्या मनात तीन वर्षं होतं. मापं घ्यायला टेप घेऊन तो ओसरीवर येई, आणि एक डाव खेळून टेप तशीच घेऊन आत जाई.

“मोबाईलवर तू ज्याला हरवून राहिलास, त्याला तोंड हाय का न्हाई हेबी तुला ठाऊक न्हाई,” आबा त्याला म्हणत. “हितं दांडी धरली की समोरच्याची नाडी हाताला लागते.”

आत्ताही आबा तेच करत होते. दोर दोन बोटांत हलका धरून खालच्या मनगटाची नाडी शोधत होते. दोर अधूनमधून थरथरे. 

“सरजाबाई,” त्यांनी मान न वळवता हाक मारली, “काही सांगायचं का त्याला?”

सरजाबाईच्या मांडीशी टँकरच्या पाण्याची कळशी होती. दोन्ही हातांनी तिचा गळा तिनं आवळून धरला होता.

“काय सांगू?” ती म्हणाली. मग एकदम रागानंच म्हणाली, “इचारा त्येला, घरातल्या काडेपेट्या कुठं जात्यात! बिडी सोडली म्हणून सांगतोय. दर दोन म्हैन्याला भरल्या काडेपेट्या गायब. चूल कशानं पेटवू म्हणावं?”

“ऐकलंस का रे? बायको तक्रार करून राहिली. बिडी वढतोस म्हणती चोरून.”

खाली काहीतरी खरडल्याचा आवाज झाला.

“बिडी… न्हाई वढत मी.”

“मंग काडेपेट्या खातोस व्हय?”

 दोराला एक हिसका बसला, लहानसा. आबा हसले. पंचशीला त्यांच्या तोंडाकडे बघत होती, ती उकिडवी बसली होती ती तशीच मातीत टेकली.

निवृत्ती पन्नाशीचा. आयुष्य विहिरी खणण्यात गेलं, खांदे यारीच्या खांबासारखे. रोज चार वाजता काम सोडून ओसरीवर येई, हातांवर तांब्यातलं घोटभर पाणी घेई, जपून चोळी, आणि पूर्वेच्या बाजूला उभा राही. पश्चिमेची बाजू आबांची, ती कधी बदलली नाही. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते असं ते सांगत. खेळ सुरू करण्याआधी आबा खाली वाकत आणि टेबलाच्या आपल्या गोलाकडच्या दोन्ही पायांना हात लावत. नवख्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याची खेळावर केवढी श्रद्धा! पुढेपुढे पोरंही डावाआधी टेबलाच्या पाया पडू लागली.

गोल झाला की गोल खाणाऱ्यानं आपली दांडी दोनदा आपटायची. ठक, ठक. म्हणजे मान्य. हा वाडीचा नियम, बाहेर कुठं असल्यास ठाऊक नाही. आणि डावाची शेवटची ठकठक बहुतेक वेळा पूर्वेकडून येई. दहा-आठ, दहा-नऊ. निवृत्ती हरे, पण फार लांब राहत नसे. हरल्यावर कपाळाचा घाम पुसून म्हणे, “उद्या बगतो तुमच्याकडं.” आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हरे.

सुमनबाई, आबांच्या घरच्या, वारल्या त्या महिन्यात मात्र टेबलावर धूळ साचली होती. आबा घराबाहेर येईनात. तेव्हा एके दिवशी चारला निवृत्ती त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. सांत्वनाचं काही बोलला नाही. “आबा, माझ्या समोरच्या दांड्या मोकळ्याच हायत,” म्हणाला. एवढंच.

बोलणं त्याचं असंच. आणि ऐकणं त्याहून कठीण. आबांच्या थापांना सगळी वाडी ‘खोटं, खोटं’ म्हणून ओरडे. त्यातच तर मजा होती. निवृत्ती एकटा कधी खोटं म्हणाला नाही. मांजरा धरणात आपण मगरीवर बसून जाळं टाकलं होतं, असं आबांनी सांगितलं तेव्हाही तो हाव म्हणाला होता. आबांना त्याचा रागच येई. ज्याला कुणी खोटी म्हणत नाही ती थाप पुढं न्यायची कशी?

“पुढं ऐक,” आबा म्हणाले.  “संगणक आला नवा नवा. पुण्याहून एक इंजिनियर आला, म्हनला, माझा संगणक ह्या खेळात कुणालाबी हरवतो. म्या म्हनलं, आण. बसवला त्यानं टेबलापाशी. तारा लावल्या दांड्यांना. सगळी कचेरी गोळा. पयला गोल माझा. दुसरा माझा. तिसऱ्याला तो संगणक तापला, निस्ता धूर! इंजिनियर रडाया लागला. म्या त्याच्या पाठीवर हात ठेवला, म्हनलं, लेका, ह्याला बुद्धी लई हाय, पर मनगट कुठं हाय?”

त्यांनी थांबून ऐकलं.

“निवृत्ती?”

वाकड्या यारीची साखळी वाऱ्यानं किरकिरली.

“निवृत्ती!”

आबांनी दोर हलका ओढला. तो ओढला गेला. पलीकडून कुणी धरलेल्या दोराला जो ताण असतो तो त्यात नव्हता. नुसतं वजन होतं, ओल्या कपड्याचं असतं तसं.  दांडी हातात आहे आणि समोर कुणीच उभं नाही, असं त्यांना वाटलं. मागचे लोक काय झालं म्हणून विचारतील, म्हणून ते मान वळवेनात.

“आबा?” पंचशीलानं विचारलंच.

“इचार करून राहिला तो,” आबा म्हणाले. “थोडा वेळ दे.”

एकाहत्तर वर्षांतली सर्वांत वाईट थाप होती ती. कुणालाच खरी वाटली नाही.

पंचशीला फळीजवळ जमेल तेवढी सरपटत आली. “पाणी,” ती म्हणाली. “तोंडावर पाणी पडलं तर…”

सरजाबाई उठली. कळशी तिनं कुणाच्या हाती दिली नाही. गुडघ्यांवर रांगत ती फळीच्या टोकापर्यंत आली. मागून कुणीतरी तिचा पदर धरला. तिनं तांब्या भरून आबांच्या हातात दिला. आबांनी हात लांब केला आणि पाण्याची बारीक धार विहिरीत सोडली. चार महिने ज्या विहिरीकडे वाडीनं थेंबाथेंबासाठी डोळे लावले होते, त्या विहिरीत वरून पाणी पडताना सगळे नुसते बघत राहिले. सरजाबाईनं दुसरा तांब्या भरला. मग तिसरा. कळशी रिकामी झाली तेव्हा तिनं ती पालथी करून झटकली.

खालून आवाज आला नाही.

“आबा,” रेवणसिद्ध मागून म्हणाला. त्याचा आवाज फुटत होता. “त्याला सांगा, टेबल तिथंच ऱ्हाईल. मशीन-बिशीन न्हाई आणत मी. सांगा त्याला.”

आबांनी ते सांगितलं. सगळंच सांगितलं. मुंडकं नसलेल्या तलाठ्याला नवं मुंडकं बसवू, सागाचं, म्हणाले. उद्यापासून बाजू बदलू, ऊन माझ्या डोळ्यावर आलं तरी चालेल, म्हणाले. हे म्हणताना त्यांची जीभ थोडी अडखळली.

माळावरून भोंगा ऐकू आला. लाल गाडी धुरळ्यात उभी राहिली, तीतून शिरस्त्राणं घातलेले चौघं उतरले. त्यांच्यातला मोठा, भरघोस मिशांचा, विहिरीपासून दहा पावलांवर थांबला. त्यानं खचलेली बाजू पाहिली, लटकलेली यारी पाहिली, आणि पंचशीलाला विचारलं,

“आवाज हाय का खाली?”

“होता.”

“आत्ता?”

पंचशीलानं फळीवरच्या आबांकडे पाहिलं. तो हळू बोलत होता, पण आबांना प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

“हे बघा सिस्टर, ही भिंत अजून येणार हाय खाली. माणूस बोलता असला तर माझा माणूस ह्या मिंटाला उतरवतो, हितल्या हितं. आवाजच नसला, तर मला आधी काठाला टेकू द्यावे लागतील. त्याला सांज होईल. माझीबी पोरंच हायत ही.”

“दोन मिनिटं,” आबा फळीवरून ओरडले. “सायेब, दोन मिनिटं द्या. बोलतो तो. जरा मुखदुर्बळ हाय, बाकी बोलतो.”

त्यांनी मान आणखी आत घातली. फळी करकरली. कमरेचा दोर मागून घट्ट झाला.

काय सांगावं? मगर, नवाब, पुण्याचा इंजिनियर, सगळं सांगून झालं होतं. असल्या थापांना निवृत्ती हाव म्हणे, आणि आता हाव म्हणण्याइतकीही ताकद त्याच्यात उरली नसावी. हाव म्हणून सोडून देता येणार नाही असं काहीतरी हवं होतं. त्याच्या अंगाला लागेल असं. आबांनी ओठांवरून जीभ फिरवली. त्यांच्याकडे अशी एकच गोष्ट होती. ती त्यांनी आजवर कुणाला रंगवून सांगितली नव्हती, किंबहुना तिच्या आसपासही ते कधी गेले नव्हते.

“निवृत्ती, तू अकरा वर्षं कामून हरलास, सांगू का?” ते ओरडले. “तुला खेळता येत न्हाई म्हणून! खांदे मोठे, आन मनगट बाईलीचं लाकडाचं! म्या तुला हरवलं ते निव्वळ हुन्नरावर. सगळी वाडी हितं उभी हाय, सगळ्यांदेखत सांगतो.”

मागे लोक चपापले. सरजाबाईनं डोळे वर केले.

“आन त्या टेबलाला एका केसाचा उतार न्हाई! काय समजलास? लातूर जिल्हा झाला तवा नव्या इमारतींचे पाये खणायचे होते. इंजिनियर लोक पातळी कशावरून धरायचे? माझ्या टेबलावरून! मधोमध चेंडू ठेवायचे, तीन दिवस तसाच ऱ्हायचा, इकडं न्हाई का तिकडं न्हाई. साहेबानं लिहून दिलं मला. केरबा, ह्या जिल्ह्यात सपाट असं एकच हाय, तुझं टेबल! उतार म्हणून न्हाई. दोन्ही बाजू सारख्या. ह्या दोराची आण घेऊन सांगतो, तुझ्या गोलाकडं चेंडू जायचा तो माझ्या हातानं जायचा, टेबलानं न्हाई!”

आवाज खाली जाऊन आपटला, तुकडे होऊन वर आला. टेबलानं न्हाई… न्हाई…

आबा थांबले. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब सुटला आणि आत गेला. मिशांचा जवान हातमोजे काढू लागला होता.

मग दोर ताठ झाला.

“खोटं.”

कुणी हललं नाही. आवाज इतका बारीक होता की तो विहिरीतून आला की माळावरून, हेच लोकांना कळेना. पण आबांच्या मनगटाला काच बसला होता.

“काय म्हनलास?”

“खोटं हाय ते,” खालून निवृत्ती म्हणाला. शब्दाशब्दाला धाप लागत होती. “तुमच्या गोलाकडं… पायाखाली… काडेपेट्या हायत. दोन्ही पायांखाली.”

जवानानं काढलेला हातमोजा पुन्हा चढवला. मागे वळून त्यानं दोन बोटं वर केली. त्याच्या माणसांतला एक जण कमरेचा पट्टा आवळत धावत आला, दुसऱ्यानं तिपाई उघडली. सगळी वाडी मात्र केरबाआबांकडे बघत होती. आबांचे कान लाल झाले होते, तोंड उघडं होतं, आणि डोळ्यांतलं पाणी नाकावरून विहिरीत पडत होतं.

“लबाडा,” आबा म्हणाले. “कवापासून ठाऊक हाय तुला?”

“पयल्या वर्षापासून.”

“आन बोलला न्हाईस?”

पट्टा बांधलेला जवान काठावरून आत उतरला. त्याचे बूट विहिरीच्या पूर्वेच्या दगडांवर वाजू लागले.

“चेपून जायच्या त्या,” खालून आवाज आला. थांबून, श्वास घेऊन, पुन्हा आला. “चेपल्या की… नव्या मीच सारत होतो.”

सरजाबाईनं रिकाम्या कळशीवर कपाळ टेकवलं.

 आबांनी दोर हातात नीट धरला आणि दोनदा ओढला. ठक, ठक.